श्राद्धाचे अन्न आणि शेजारची माणसे : पैठण व तिरुविशनल्लूर येथील दोन कथांचा तौलनिक विचार

१. विषयप्रवेश

मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक साधा शब्द आहे. विरजण मागायला आलेली शेजारीण, परगावी जाताना शेजारी ठेवलेली किल्ली, आजाऱ्यासाठी झाकून आणलेली पेजेची वाटी, अशा प्रसंगी तो आपण सहज उच्चारतो. त्यातील उत्तरपद मात्र तितकेसे साधे नाही. राजधर्म, वर्णधर्म, आश्रमधर्म यांच्या पंक्तीला हा शब्द जाऊन बसतो, आणि तरीही त्याची व्याख्या करण्याची गरज कोणाला भासलेली नाही.

स्मृतिकारांनी शेजाऱ्याचा विचारच केला नाही, असे मात्र नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक मजेदार तरतूद आहे. घरी मंगलकार्य असून वीस ब्राह्मणांना भोजन असताना जो ब्राह्मण लगतच्या व त्यापलीकडच्या योग्य शेजाऱ्यास जेवू घालत नाही, त्याला एक माष दंड सांगितला आहे. ‘प्रातिवेश्य’ आणि ‘अनुवेश्य’ असे दोन शब्द तेथे योजले आहेत. शेजाऱ्याला विसरणे हा दंडनीय अपराध ठरविणारी ही दृष्टी कौतुकास्पद वाटते. परंतु त्यातील ‘योग्य’ हे विशेषण नजरेआड करून चालणार नाही. ज्याला जेवू घालायचे तो शेजारी पंक्तीला बसण्यास पात्र असला पाहिजे. ज्याचे घर वेशीबाहेर आहे, तो या अर्थाने शेजारी नव्हेच.

प्रस्तुत लेखाचा विषय या ‘योग्य’ शब्दाच्या कडेवर घडलेल्या दोन लहानशा कृती हा आहे. एक पैठणास घडली, दुसरी कुंभकोणमजवळच्या तिरुविशनल्लूर या गावी. दोन्ही ठिकाणी एका गृहस्थाने श्राद्धासाठी रांधलेले अन्न निमंत्रितांच्या आधी भुकेल्या अंत्यजाला दिले. दोन्ही ठिकाणी गल्लीतील शेजाऱ्यांनी त्याच्यावर बहिष्कार घातला. दोन्ही कथांचा शेवट चमत्काराने होतो. हे साम्य वरवरचे आहे की त्याच्या मुळाशी काही समान प्रश्न आहे, हे तपासून पाहावयाचे आहे.

अभ्यासपद्धतीविषयी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. मोठ्या दानधर्माला कागद असतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरला गेला. सरफोजी दुसरे यांनी चालविलेल्या छत्रांचे हिशेब आणि पत्रव्यवहार उपलब्ध आहेत. पण ताटभर भाताचा शिलालेख होत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी केलेल्या लहान गोष्टी इतिहासात टिकतात त्या केवळ कथेच्या रूपाने. आणि कथा म्हटली की सांगणाऱ्याच्या इच्छा, भीती आणि सोयी तिच्यात मिसळणारच. म्हणून या कथा ‘घडल्या तशाच’ आहेत का, या प्रश्नापेक्षा त्या ‘अशाच का सांगितल्या गेल्या’ हा प्रश्न आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

२. स्थळ आणि तिथी

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम मराठी वाचकाला अगदीच परके नाही. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १७९९ पर्यंत हा प्रदेश भोसल्यांच्या राज्यात होता. राज्याबरोबर आलेली देशस्थ ब्राह्मण व मराठा कुटुंबे येथेच रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच, अशाच एका मराठी कुटुंबात झाला. आजही या भागातील काही घरांत मराठी बोलली जाते. तिच्या लकबीत तमिळचा हेल आहे, तर काही शब्दांत महाराष्ट्राने केव्हाच टाकून दिलेले जुनेपण आहे.

तिरुविशनल्लूर हे गाव कुंभकोणमपासून दहा किलोमीटरांच्या आत, कावेरीकाठी आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ साली हे गाव पंचेचाळीसच्या आसपास विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला ‘शाहजिराजपुरम्’ असे नाव पडले. हे शहाजीराजे स्वतः ग्रंथकार होते. मराठी नाट्यलेखनाच्या आरंभकाळातील ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक त्यांच्या नावावर आहे, आणि एकाच कृतीत पाच भाषा खेळविणारे ‘पंचभाषाविलास’ही त्यांचेच. रामभद्र दीक्षितांसारखे संस्कृत नाटककार या अग्रहाराशी निगडित होते. त्याच विद्वत्सभेत श्रीधर वेंकटेश नावाचे शिवभक्त कवी होते. लोक त्यांना आदराने ‘अय्यावाळ’ म्हणत, आणि याच नावाने ते आज ओळखले जातात. त्यांचे वडील म्हैसूरच्या दरबारी होते, असे परंपरा सांगते. शहाजीराजांच्या चरित्रावर ‘शाहेंद्रविलास’ हे संस्कृत महाकाव्य त्यांनी रचले, डॉ. वे. राघवन् यांनी ते संपादिले आणि १९५२ साली ते प्रसिद्ध झाले. एका मराठी राजाचा हा चरित्रकार दक्षिणेतील नामसंकीर्तन-संप्रदायाच्या प्रमुख आचार्यांपैकी एक मानला जातो. ‘आख्याषष्टि’ हे त्यांचे नाममाहात्म्यपर काव्य; आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय असे त्यांचे दुसरे काव्य म्हणजे ‘दयाशतक’.

अग्रहाराची रचना ध्यानात घेतल्याखेरीज पुढील कथा नीट समजणार नाही. एका सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरे. पुढे ओटा, ज्याला तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणतात; मागे परसू आणि त्यात विहीर. ओटा घराचा असला तरी वाटसरूने त्यावर टेकावे असा संकेत. म्हणजे घर जेथे संपते आणि रस्ता जेथे सुरू होतो तेथे ही एक सामायिक जागा आहे. पण रस्ताच मुळी सर्वांना खुला नव्हता. अग्रहाराच्या वाटेने कोणी चालावे आणि कोणी चालू नये, याचे नियम होते. ज्याच्या घरी काय शिजते ते दोन घरे पलीकडे कळावे, इतकी जवळीक. आणि त्या जवळीकीला इतकी कडक कुंपणे. शेजारधर्माची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

३. दोन कथा

पैठणची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. एकनाथमहाराज (१५३३–१५९९) यांच्या घरी श्राद्ध होते. गिरिजाबाईंनी सोवळ्यात स्वयंपाक सिद्ध केला. रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबाला अन्नाचा वास आला. असले अन्न आपल्या नशिबी कोठून, अशा अर्थाचे बोलणे त्यांच्यात झाले आणि ते नाथांच्या कानी पडले. त्यांनी त्या सर्वांना बोलावून तृप्त होईपर्यंत जेवू घातले. घर पुन्हा सारवून, भांडी घासून दुसरा स्वयंपाक केला. पण निमंत्रित ब्राह्मणांनी पान घेण्यास नकार दिला. तेव्हा प्रत्यक्ष पितरच येऊन पानांवर बसले. महिपतींनी (१७१५–१७९०) ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांद्वारे नाथचरित्र घरोघरी पोहोचविले. कीर्तनकारांनी त्यात आपापली भर घातली. तपशिलात फरक आहेत, पण सांगाडा हाच.

तिरुविशनल्लूरची कथा अशी. कार्तिक अमावास्येला अय्यावाळांच्या वडिलांचे श्राद्ध होते. स्वयंपाक झाला होता, ब्राह्मण यावयाचे होते. अशा वेळी भुकेने व्याकूळ झालेला एक अंत्यज त्यांच्यापाशी आला आणि त्याने अन्न मागितले. घरात त्या दिवशीचे शिजलेले अन्न एवढेच होते. अय्यावाळांनी तेच त्याला दिले. ही वार्ता गल्लीत पसरली. निमंत्रितांनी श्राद्धास येण्याचे नाकारले; दोषपरिहारासाठी गंगास्नान केले पाहिजे, असा निर्णय दिला. काशी कोठे आणि कावेरीकाठ कोठे! तिथी टळून जाणार. अय्यावाळांनी गंगेची प्रार्थना केली. त्या वेळी त्यांनी गंगाष्टक रचले असे सांगतात. परसातील विहिरीत गंगा प्रकटली. पाणी काठावरून वाहू लागले, घरातून रस्त्यावर आले, रस्त्यावरून शेजाऱ्यांच्या घरांकडे वळले. घाबरलेल्या शेजाऱ्यांनी क्षमा मागितली, तेव्हा अय्यावाळांच्या विनवणीवरून गंगा विहिरीतच स्थिरावली.

ही घटना आजही दरवर्षी साजरी होते. तमिळ कार्तिगै महिन्यातील अमावास्येला, जी आपल्या पंचांगात बहुधा कार्तिक अमावास्या असते, दूरदूरचे लोक तिरुविशनल्लूरला येतात आणि त्या विहिरीतून शेंदलेल्या पाण्याने स्नान करतात.

४. साम्य आणि भेद

दोन्ही कथांनी निवडलेला दिवस एकच का, हा पहिला प्रश्न. भुकेल्याला अन्न देण्याची घटना कोणत्याही दिवशी घडू शकते, आणि घडतही असली पाहिजे. पण श्राद्ध हा सर्व गृह्यकर्मांतील अत्यंत संकोची विधी होय. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धभोजनावर कोणाकोणाची दृष्टी पडू नये याची यादी आहे, आणि चांडाळाचा उल्लेख त्यात अग्रभागी आहे. जेथे दृष्टीचीही बाधा होते तेथे पहिला घासच त्या माणसाच्या हाती जातो. इतर कोणत्याही दिवशी जी कृती केवळ औदार्याची ठरली असती, ती या दिवशी बंडाचे रूप घेते. कृती लहान आहे; तिची तिथी तिला मोठी करते.

दुसरे साम्य असे की, दोन्ही नायकांनी वाद घातलेला नाही. शास्त्रार्थ करून अन्नदानाचे समर्थन करण्याची विद्वत्ता दोघांपाशी होती. कथा मात्र त्यांना तसे करू देत नाही. हात आधी पुढे होतो, विचार मागाहून येतो. अनपेक्षित दयेचे हेच लक्षण म्हणावे लागेल.

तुलनेचे खरे फळ मात्र भेदांत आहे. पैठणास कोणी मागितलेले नाही. वाटेवरची माणसे आपसात बोलत आहेत. नाथ ते ऐकतात. दयेचा आरंभ येथे कानापासून होतो, आणि पुढच्या कृतीत सगळे घर सामील आहे. गिरिजाबाईंना दुसऱ्यांदा चूल पेटवावी लागली, ही गोष्ट कीर्तनकार एका वाक्यात सांगून जातात. पण श्राद्धाचा स्वयंपाक ज्यांनी केला आहे त्यांनाच त्या वाक्याचे वजन कळेल. तिरुविशनल्लूरला एकच माणूस आहे, तो स्वतः याचना करतो, आणि देणाराही कथेत एकटाच दिसतो.

चमत्कारांतील भेद याहून महत्त्वाचा आहे. पैठणच्या चमत्काराने शेजारी अनावश्यक ठरतात. ते आले नाहीत तर त्यांच्याऐवजी पितर आले. ज्यांच्या वतीने ब्राह्मण जेवतात ते स्वतःच जेवून गेले. मध्यस्थच वगळला गेला. तिरुविशनल्लूरचा चमत्कार शेजाऱ्यांना वगळत नाही, उलट त्यांच्या दारापर्यंत जातो. त्यांनीच सांगितलेले गंगाजल त्यांच्याच उंबऱ्याला येऊन भिडते. मनाई करणाऱ्यांना त्यांच्याच निर्णयात बुडविणारा हा विनोद मोठा मार्मिक आहे. आणि शेवटी क्षमायाचना आहे, समेट आहे. पैठणची कथा शेजाऱ्यांशिवाय पुरी होते. तिरुविशनल्लूरची कथा त्यांच्याशिवाय पुरी होऊ शकत नाही. भिंतीला भिंत असलेल्या अग्रहारात शेजारी टाळता येत नाहीत, या वास्तवाचे हे प्रतिबिंब असावे.

एक कथा दुसरीवरून घेतली गेली काय? काळाच्या दृष्टीने नाथांची कथा अगोदरची. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर राज्यात होते, मराठी अभंग दक्षिणेतील भजनपद्धतीचा अविभाज्य भाग झाले, ‘भक्तविजया’चे तमिळ रूप तेथे आवडीने वाचले गेले, आणि एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनाच्या धर्तीवर तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (१८४७–१९०३) तमिळ हरिकथेला जे वळण दिले, त्यात साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तसेच राहिले. तिरुविशनल्लूरजवळच्या गोविंदपुरम् येथे २०११ साली विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर उभे राहिले, हेही त्याच परंपरेचे अलीकडचे टोक होय. म्हणजे कथा प्रवास करू शकेल असे मार्ग निश्चित होते. पण मार्ग असणे म्हणजे प्रवास झाला असे नव्हे. महिपतींचा ग्रंथ अय्यावाळांच्या नंतरचा आहे, आणि अय्यावाळांच्या कथेचा मुख्य आधार संप्रदायातील मौखिक परंपरा आहे. तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ आणि ‘साम्य’ यांत भेद करावा लागतो. येथे प्रभावाचा आग्रह न धरता, समान समाजस्थितीतून उत्पन्न झालेले साम्य मानणे अधिक सुरक्षित आहे.

५. एक आक्षेप

या कथांची गोडी चाखत असताना एक कठोर आक्षेप पुढे येतो, आणि तो डावलून पुढे जाणे अभ्यासकाला शोभणार नाही. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीने एकनाथांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ हा चित्रपट काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक होते आणि नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती. अस्पृश्यतानिवारणाचा पुरस्कर्ता म्हणून नाथांची मूर्ती या चित्रपटाने लोकांपुढे उभी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध प्रबंधाच्या १९३७ च्या आवृत्तीस महात्मा गांधींना दिलेले उत्तर जोडले आहे. त्यात या चित्रपटाचा उल्लेख करून ते म्हणतात की, नाथांनी अस्पृश्यांना स्पर्श केला आणि त्यांच्यासह भोजन केले ते जातिभेदाला विरोध म्हणून नव्हे. त्या स्पर्शाचा विटाळ गंगास्नानाने धुऊन जातो, अशी त्यांची समजूत होती म्हणून.

डॉ. आंबेडकरांच्या डोळ्यांपुढे पैठण होते. पण त्यांचा आक्षेप जणू तिरुविशनल्लूरच्या कथेसाठीच लिहिला आहे असे वाटते. तेथे गंगास्नान ही केवळ समजूत उरलेली नाही. सगळी कथाच तिच्याभोवती फिरते. अय्यावाळ स्नानाचा निर्णय नाकारीत नाहीत. आपण चुकलो नाही, असे ते म्हणत नाहीत. गंगा त्यांच्या दारी येते ती त्या निर्णयाची पूर्तता करण्यासाठी. धुण्यासाठी पाणी आले, याचा अर्थ धुण्यासारखे काही होते, हे कथेने मान्य केले.

या आक्षेपाला पूर्ण उत्तर देता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. कथेच्या बाजूने इतकेच म्हणता येते की, तिच्यात दोन आवाज एकाच वेळी ऐकू येतात. एक आवाज शेजाऱ्यांची समजूत घालतो: पाहा, स्नान झाले, नियम राखला गेला. दुसरा आवाज हळूच विचारतो: जी गंगा अशा माणसाच्या परसात आपण होऊन येते, तिला त्याच्या हातून पाप घडले असे वाटले असेल का? पहिल्या आवाजामुळे कथा अग्रहारात सांगता आली. दुसऱ्यामुळे ती सांगण्यासारखी राहिली. पण हे साहित्यसमीक्षेचे उत्तर झाले. ज्याला त्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती त्याच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. विहीर आणि तळे ही आपल्या समाजातील भेदाची सर्वांत ठळक खूण. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा कोणाच्या दयेची वाट पाहिली गेली नव्हती.

६. घेणाऱ्याचा आवाज

दोन्ही कथांत घेणाऱ्याला नाव नाही. तो येतो, जेवतो आणि कथेतून निघून जातो. त्या दिवसानंतर त्याचे काय झाले? अग्रहाराच्या रस्त्यावर पाऊल टाकल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारला का? पुढच्या अमावास्येला त्याला भूक लागली तेव्हा काय झाले? कथा याविषयी मौन पाळते. देणाऱ्याच्या परीक्षेचे साधन एवढेच त्याचे कार्य. पुढे सांगणारे तर त्याला वेशांतर केलेला देवच ठरवून टाकतात, आणि मग एक भुकेला माणूस होता हेही नाहीसे होते.

हा आवाज अन्यत्र शोधावा लागतो. आपल्या भाषेत तो चौदाव्या शतकातच उमटलेला आहे. चोखामेळ्याच्या अभंगांत उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या भक्ताची व्यथा आहे. त्याचा पुत्र कर्ममेळा तर एक पाऊल पुढे जाऊन, उष्टे खावे लागणाऱ्या जिण्याबद्दल देवालाच खडसावतो. देणाऱ्याच्या बाजूने जी दया दिसते, ती घेणाऱ्याच्या बाजूने कशी लागते, हे कर्ममेळ्याकडून ऐकावे. येथे नाथांचे एक श्रेय नोंदविणे न्यायाचे होईल. त्यांच्या ‘जोहार’ प्रकारच्या भारुडांत बोलणारा महार आहे आणि ऐकणारे मायबाप आहेत. ती वाणी कवीने उसनी घेतलेली आहे हे खरे. परंतु कीर्तनकारांच्या कथेत जो मुका राहिला, त्याला नाथांनी स्वतः निदान बोलते केले.

तमिळ बाजूला अशी भर घालणारी कृती कावेरीच्या याच खोऱ्यात निर्माण झाली. गोपालकृष्ण भारती (१८१०–१८९६) यांचे ‘नंदनार् चरित्रम्’ हे ते काव्य. चिदंबरला जाण्याची परवानगी मागणारा शेतमजूर नंदनार् आणि ती नाकारणारा ब्राह्मण जमीनदार, यांचा संवाद हा त्याचा गाभा आहे. दिवसामागून दिवस ‘उद्या’ म्हणणाऱ्या त्या आयुष्याचे दुःख या काव्यात इतके जिवंत उतरले की, हरिकथेच्या मंचावरून ते सर्व थरांत पोहोचले. तिरुविशनल्लूरच्या कथेत ज्याला केवळ पोट आहे, त्याला ‘नंदनार् चरित्रा’त इच्छा आहे. दोन्ही कृती एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

७. दान आणि शेजार

आता सरफोजी दुसरे यांच्या छत्रांकडे पुन्हा वळू. १८०१ साली त्यांनी तंजावरचे ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेले पत्र या संदर्भात वाचण्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांनी स्थापिलेली छत्रे चालू राहावीत, ही त्यातील कळकळीची मागणी आहे. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळते, आजाऱ्यांना औषध आणि बाळंतिणींना आधार मिळतो, असे ते सांगतात. पुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. एका अर्थी तिरुविशनल्लूरला जे एकदाच आणि दंड सोसून घडले, ते छत्रात रोज घडत होते. कोणी बहिष्कार घातला नाही, कोणती गंगा उफाळली नाही.

याचे कारण उघड आहे. राजाला शेजारी नसतो. छत्रातील अन्न कोणाच्याही घरचे नसते. वाढणारा नोकर असतो, जेवणारा उद्या पुढच्या गावी जाणार असतो, आणि कोणी कोठे बसावे हे ठरलेले असते. संस्थेची दया व्यापक असते, आणि ती हवीच. पण तीत कोणाचे संबंध पणाला लागत नाहीत. अय्यावाळांनी दिलेला भात एकाच माणसाला पुरला असेल. मात्र तो देताना रोज तोंडासमोर येणाऱ्या माणसांचे प्रेम त्यांनी पणाला लावले. परक्याला शेजारी मानायचे तर शेजाऱ्याला दुखवावे लागते, हा पेच दोन्ही कथांच्या मुळाशी आहे. आणि माझ्या मते त्यांचे सामर्थ्य चमत्कारात नसून या पेचात आहे.

तिरुक्कुरळच्या १३३ अध्यायांपैकी बाविसावा ‘ओप्पुरवु’ या गुणाविषयी आहे. समाजाशी सम राहून वागणे, आपले जे आहे ते चारचौघांच्या उपयोगी पडू देणे, असा त्याचा आशय. मराठी शेजारधर्माच्या फार जवळचा. त्यात समंजस माणसाच्या संपत्तीला गावाच्या पाण्याने भरलेल्या तळ्याची उपमा दिली आहे. तळे कोणाला पाणी ‘देत’ नाही. ते असते, आणि लोक भरून नेतात. या उपमेच्या उजेडात तिरुविशनल्लूरची विहीर पाहिली म्हणजे कथेतील एक न बोललेला परिणाम लक्षात येतो. कथेच्या आरंभी ती एका घराच्या परसातील खाजगी विहीर आहे. कथेच्या शेवटी ती सर्व गावाची होते. दयेची कृती एका दिवसात संपली. विहीर उघडी राहिली. ती खऱ्या अर्थाने सर्वांना उघडी व्हायला पुढे किती काळ आणि किती चळवळी लागल्या, याचे श्रेय मात्र कथेला देता येणार नाही.

अलीकडे कार्तिक अमावास्येला प्रस्तुत लेखकाला तिरुविशनल्लूरला जाण्याचा योग आला. पहाटेपासून रांग लागली होती. बादल्यांमागून बादल्या शेंदल्या जात होत्या आणि ओली माणसे गल्लीतून परतत होती. थंडीने काकडत एका ओट्याशी थांबलो असता, घरातील वृद्ध गृहिणीने काही न विचारता एक कोरडा पंचा पुढे केला आणि हाताने ओट्यावर बसण्याची खूण केली. त्याच ओट्यावर आधीच पाच-सात माणसे बसलेली होती. कोण कोठला, कोणत्या घरचा, याची चौकशी तिने त्यांच्यापैकी कोणाचीच केली नसावी. पंचे मात्र संपत आले होते. परत करताना आभार मानले, तेव्हा तिने तो पंचा पिळला आणि पुढच्या माणसाकडे दिला.

या एका पंच्यावरून समाज बदलल्याचा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्या गल्लीत एका भुकेल्याला अन्न दिल्याबद्दल एका घरावर बहिष्कार पडला असे सांगतात, त्याच गल्लीतील ओट्यांवर आज त्याच तिथीला अनोळखी माणसे बसतात, हेही नोंदविण्यासारखे आहे. मनुस्मृतीतील शेजाऱ्याला लावलेले ‘योग्य’ हे विशेषण त्या सकाळपुरते तरी कोणी उच्चारले नाही. कायद्याने मिळालेला हक्क आणि आपण होऊन पुढे आलेला हात, या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. एकीने दुसरीची जागा घेऊ नये. हक्क नसताना दया अपमानास्पद होते, हे कर्ममेळ्याने आपल्याला सांगितले आहे. हक्क मिळाल्यावर त्याच ओट्यावर शेजारी म्हणून बसायचे कसे, हे मात्र अशा लहान लहान कृतींतूनच शिकावे लागते.